धसकट, कुत्रं आणि नागीण : मोठ्या माणसांच्या लसी

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून झालं की वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या शिवारात बोट-दोन बोट उंचीची धसकटं उभी राहतात. विळ्यानं तिरकी कापलेली आणि चार दिवसांच्या उन्हात वाळून कडक झालेली. चपलेचा तळ झिजलेला असेल तर असं धसकट सरळ पायात शिरतं. पात धरलेली बाई तिथंच बसते, ते उपसून काढते, रक्त थांबेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरते आणि पुन्हा कामाला लागते. संध्याकाळी पाय ठणकायला लागला की दवाखान्याची आठवण होते. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, टीटी मारून द्या."

टीटी म्हणजे धनुर्वाताची लस, मोठ्या माणसाला नावानं माहीत असलेली बहुधा एकमेव. तिच्याबद्दलच्या समजुती मात्र बऱ्याच चुकीच्या आहेत. पहिली म्हणजे धनुर्वात गंजलेल्या लोखंडामुळे होतो. गंजाचा त्यात काही हात नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गुराढोरांच्या आणि घोड्याच्या शेणात असतात. शेणखत घातलेल्या वावरात तर ते असणारच. ते जाड कवचात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. त्यांना हवा सोसत नाही. म्हणून उघडी, वाहती जखम त्यांना मानवत नाही, आणि अरुंद, खोल, वरून लगेच मिटणारी जखम चांगलीच मानवते. धसकटाची, काट्याची, खिळ्याची जखम नेमकी अशीच असते. आत जंतू जागे होतात, विष तयार करतात, ते विष नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत पोचतं आणि स्नायूंना ढिलं पडू देणारी यंत्रणाच बंद पाडतं. सहसा आठवडाभरात, कधी तीन आठवड्यांनी, आधी जबडा धरतो, मग मान, मग पाठ. तोवर पायाची जखम भरूनही गेलेली असते.

दुसरी समजूत अशी की इंजेक्शनचा असर सहा महिनेच टिकतो, म्हणून दर खरचटण्याला नवं घ्यायचं. मूळचे तीन डोस नीट झालेले असतील तर संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. जखम शेणामातीची, खोल असेल आणि मागच्या डोसाला पाच वर्षं उलटली असतील तर एक जास्तीचा घ्यावा. वर्षाला दोन-दोन टोचून घेण्यात फायदा काही नाही, दंड मात्र सुजतो.

तिसरी गोष्ट या दोन्हींहून महत्त्वाची आणि कुणी सहसा न सांगितलेली. मूळचे तीन डोस मुळात झालेत का? भारतात लहान मुलांचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८५ नंतर टप्प्याटप्प्यानं सगळ्या जिल्ह्यांत पोचला. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या पुरुषाला लहानपणी काही मिळालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. बायकांना निदान गरोदरपणात दोन इंजेक्शनं मिळाली. त्याचा परिणाम इतका मोठा झाला, की बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जाहीर केलं. घरातल्या म्हाताऱ्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्याला जखम झाल्यावर दिलेलं एखादं इंजेक्शन त्या जखमेसाठी फारसं कामाचं नसतं, कारण ज्या शरीरानं ही लस आधी पाहिलेलीच नाही त्याला पहिल्या डोसावर पुरेशी प्रतिपिंडं तयार करता येत नाहीत. अशा माणसाला घाण जखम झाली तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागतं. खरा उपाय म्हणजे जखम नसताना तीन डोस पुरे करणं : आज एक, महिन्यानं दुसरा, सहा महिने ते वर्षानं तिसरा. पेरणीच्या आधी सुरुवात केली तर सोंगणीपर्यंत दोन डोस सहज होतात.

आणि आता दवाखान्यात मिळतं ते बहुतेक ठिकाणी टीटी राहिलेलं नाही, टीडी आहे. धनुर्वाताच्या जोडीला त्यात घटसर्पाच्या लसीची थोडी मात्रा घातलेली असते. घटसर्पाचं लहानपणी मिळालेलं संरक्षण वयाबरोबर ओसरतं, म्हणून सरकारी कार्यक्रमात २०१९ च्या सुमारास हा बदल झाला. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, आणि गरोदरपणात, हीच देतात. मागणारा टीटी मागतो, सिस्टर टीडी टोचते, आणि दोघांचंही काही अडत नाही.

मोठ्या माणसांच्या लसीचा विषय निघाला की सगळी गोम इथं येऊन थांबते. हिशेब ठेवणारं कुणी नाही. मूल जन्मलं की कार्ड मिळतं, आशाताई घरी येऊन तारीख सांगते, उपकेंद्राच्या सिस्टरच्या रजिस्टरात नाव चढतं, एखादा डोस चुकला तर शोधत माणसं येतात. वाशिम हा नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा, महाराष्ट्रातल्या चारांपैकी एक. तिथं प्रगती मोजताना बालकांचं पूर्ण लसीकरण किती झालं हे बघतात. ते बघायलाच हवं. पण सोळाव्या वर्षाची टीडी झाली, की पुरुषापुरतं रजिस्टर मिटतं. बाईचं आणखी एक-दोन बाळंतपणांपर्यंत चालतं. त्यानंतर उरलेल्या पन्नास वर्षांत लसीची गाठ पडते ती पायात धसकट गेल्यावर, कुत्रं चावल्यावर किंवा साथ आल्यावर.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात लसीचा इतिहास मोठ्या माणसांनीच घडवलाय. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगनं माणसं पटापट मरत होती, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढं आले. परळची हाफकिन संस्था त्यातूनच उभी राहिली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात या प्लेगच्या लसीनं १९ माणसं दगावली, आणि ती दगावली धनुर्वातानं. एका बाटलीत धनुर्वाताचा जंतू शिरला होता. सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि तो उतरायला १९०७ उजाडलं. पुढं पंढरपूरच्या वाटेवर पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय यात्रेला सोडत नसत. आजही साठीपुढच्या माणसाची बाही वर केली तर दंडावर देवी काढल्याची खूण सापडते. म्हणजे मोठ्यांनी लस घ्यायची असते ही गोष्ट गावाला नवी नव्हती, मधल्या चाळीस वर्षांत ती मागं पडली.

ती परत आली २०२१ मध्ये. त्या फेब्रुवारीत रिसोड तालुक्यातल्याच एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांना कोरोना झाल्याची बातमी देशभर गेली. १ मार्चला साठीपुढच्यांना लस खुली झाली, १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना, १ मेला अठरा वर्षांपुढच्यांना. गावातली झाडून सगळी मोठी माणसं एकाच लसीसाठी रांगेत उभी राहिली, असं देवीनंतर पहिल्यांदाच झालं. तेव्हा बनलेली सवय मात्र साथीबरोबर गेली.

कुत्र्याकडे वळू. इथं चूक झाली तर दुसरी संधी नाही. पिसाळल्याची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, हे धरूनच चालायचं. पण लक्षणं दिसण्याआधी नीट उपचार झाले तर माणूस जवळपास हमखास वाचतो. दोन्ही टोकं इतकी पक्की असलेला दुसरा आजार सांगता येणार नाही.

हे शक्य होतं कारण विषाणूचा प्रवास संथ असतो. चावल्या जागेपासून तो नसेतून मेंदूकडे सरकतो, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या वेळात लस शरीराला तयार करते. म्हणून ही लस चावल्यानंतरही चालते. लुई पाश्चरनं १८८५ मध्ये पहिल्यांदा वापरली तीही चावलेल्या पोरावरच. मात्र चेहऱ्याला, मानेला किंवा बोटांना चावलं तर अंतर कमी किंवा नसांची दाटी जास्त, आणि वेळ हाताशी थोडा.

पहिलं काम दवाखान्यातलं नाही, घरच्या मोरीतलं आहे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं हा काळ फार लांब वाटतो. दोन मिनिटांत माणूस आवरतं घेतो. नळाला पाणी नसेल तर कुणीतरी तांब्यानं ओतत राहावं. साबणानं विषाणूचं आवरण फुटतं, म्हणून या धुण्याला औषधाइतकी किंमत आहे. तिखट, चुना, हळद, रॉकेल यांतलं काही भरायचं नाही, पट्टी आवळायची नाही. मग त्याच दिवशी लस. सरकारी दवाखान्यात ती कातडीत देतात : दोन्ही दंडांवर थोडी थोडी, चावलेल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला दिवस शून्य धरायचा. ज्या चाव्यातून रक्त आलंय त्याला लस एकटी पुरत नाही. जखमेत आणि जखमेभोवती तयार प्रतिपिंडं टोचावी लागतात, कारण लसीचं संरक्षण उभं राहायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि मधले दिवस उघडे असतात. ही गोष्ट प्रत्येक लहान दवाखान्यात मिळेलच असं नाही. तिथं विचारावं, नसेल तर रिसोडला किंवा वाशिमला जावं, पण लसीचा पहिला डोस तिथंच घेऊन मग निघावं.

अजूनही लोक पोटातल्या चौदा इंजेक्शनांना घाबरून टाळाटाळ करतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती. भारतात ती २००५ च्या सुमाराला कायमची बंद झाली. आताच्या चार फेऱ्यांत सुई पोटाला शिवतही नाही. उलट्या बाजूची भीतीही आहेच : गावात एखादी म्हैस पिसाळून मेली की तिच्या दुधाचा चहा प्यालेलं अख्खं आळीभर माणूस लसीला धावतं. उकळलेल्या दुधातून हा आजार होत नाही. म्हशीच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्याला, तिची लाळ ओरखड्यावर लागलेल्याला मात्र लस हवीच, आणि तो नेमका घरी बसतो.

आता ज्या लसींसाठी कुणी धावत येत नाही त्या. फुप्फुसाच्या दोन. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडं रूप बदलतो, म्हणून फ्लूची लस दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. धडधाकट तिशीतल्या माणसाला फ्लू म्हणजे चार दिवसांचा ताप. साठीपुढच्याला, दम्याच्या पेशंटला, शुगर असलेल्याला, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असलेल्याला आणि गरोदर बाईला तोच फ्लू दवाखान्यात झोपवू शकतो. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, आणि त्या साथीत गरोदर बायांचे फार हाल झाले. राज्य सरकारनं पुढं २०१५ पासून गरोदर महिलांना आणि शुगर-बीपीसारखे आजार असलेल्यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. ती उपलब्ध आहे का हे विचारावं लागतं, आपणहून सहसा कुणी सांगत नाही. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि परत थंडीत डोकं काढतो. लसीचा असर यायला दोन आठवडे लागतात. तेव्हा घ्यायची तर मे महिन्यात, वारीच्या आधी. शेगावची पालखी रिसोडावरून पंढरपूरला जाते, तिच्यामागं साठी-सत्तरीची माणसं महिनाभर एकमेकांच्या श्वासात चालतात, मुक्कामाला एका मांडवात झोपतात.

दुसरी न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकस नावाच्या जंतूची. ती दरवर्षी लागत नाही. लहान मुलांना महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात ती मिळते, मोठ्यांना विकत घ्यावी लागते, आणि स्वस्त नाही. कुणी घ्यावी? पासष्टीपुढच्यांनी, शुगरवाल्यांनी, प्लीहा काढलेल्यांनी, आणि जुनाट फुप्फुसविकार असलेल्यांनी. या शेवटच्या गटात विडी ओढणारे येतात हे सगळ्यांना कळतं. पण चाळीस वर्षं चुलीपुढं तुराट्या-पऱ्हाट्या जाळून भाकरी थापलेली बाईही त्यातच येते, हे बहुतेक घरांत कुणाच्या ध्यानात येत नाही. तिनं आयुष्यात विडी हातात धरलेली नसते, आणि दोन पायऱ्या चढली की तिला धाप लागते. घरात एकच महागडी लस परवडत असेल, तर माझ्या मते ती तिच्यासाठी घ्यावी.

काविळीचं वेगळंच. हिपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. तिची लस देशभरच्या बालकांना मिळायला २०११ उजाडलं, म्हणजे आज घर चालवणाऱ्या जवळपास सगळ्यांची ती राहिलेली आहे. हा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर जिवंत राहतो. पेठेत एकाच पात्यानं दहा दाढ्या होतात, यात्रेत एकाच सुईनं गोंदून घेतात, दोन्हीकडे धोका आहे. घरात कुणाला ही कावीळ असेल, डायलिसिस चालू असेल, दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम असेल तर विचार न करता घ्यावी. आधी रक्ताची साधी तपासणी, कारण विषाणू आधीच अंगात असेल तर लसीचा उपयोग नाही. मग तीन डोस : आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. भारतीय कंपन्या १९९७ पासून ही लस बनवू लागल्या आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. लिव्हरचा कॅन्सर टाळणारी लस, असंही तिच्याकडे बघायला हरकत नाही.

कॅन्सर टाळणारी दुसरी लस गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, आणि तिच्या शास्त्रात मराठवाड्याच्या बायकांचा वाटा मोठा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलातल्या आणि टाटा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक बायकांना घेऊन एक अभ्यास केला. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी आणि वेळीच उपचार एवढ्यानं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं. त्याच वर्षी देशातल्या काही केंद्रांत मुलींना एचपीव्हीची लस देऊन दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहायला सुरुवात झाली. बार्शी त्यातही होतं. २०१० मध्ये दुसऱ्याच राज्यांतल्या एका प्रकल्पावरून वाद पेटला आणि सरकारनं सगळीकडचं लसीकरण थांबवलं. हजारो मुली एकाच डोसावर राहिल्या. डॉक्टरांनी त्यांना सोडून दिलं नाही, दहा वर्षं त्यांच्या तपासण्या करत राहिले, आणि दिसलं असं, की एका डोसानंही जवळपास तेवढंच संरक्षण मिळतंय. आज कित्येक देश एकाच डोसावर भागवतात ते बऱ्याच अंशी या अर्धवट राहिलेल्या अभ्यासाच्या जोरावर.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते २६ वयासाठी. विषाणूशी गाठ पडण्याआधी, म्हणजे लग्नाआधी घेतली तर खरा उपयोग. लग्न होऊन दोन लेकरं झालेल्या पस्तिशीतल्या बाईला लसीपेक्षा तपासणी जास्त कामाची, उस्मानाबादच्या अभ्यासानं दाखवली तीच. लेकीला लस आणि आईला तपासणी, असं घरात वाटून घेता येतं. लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी रुबेलाचंही विचारावं. गरोदरपणात रुबेला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला येतो. पण ती जिवंत जंतूंची लस असल्यानं दिवस गेल्यावर घेता येत नाही. आधी घ्यायची आणि महिनाभर तरी दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

आणि नागीण. कमरेला एका बाजूनं लालसर पट्टा उठतो, त्यावर पाण्यानं भरलेले बारीक फोड, आणि आगीनं भाजल्यासारखी वेदना. गावात लगेच कुणीतरी सांगतं, तोंडाला शेपूट मिळाली तर माणूस वाचत नसतो. मग काव लावणारा, मंत्र टाकणारा शोधतात. फोड दोन-तीन आठवड्यांत वाळतात, श्रेय मंत्राला जातं. खरं तर तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत, कारण लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्याजवळ एखाद्या नसेच्या मुळाशी दडून बसलेला असतो. वय वाढलं, शुगर वाढली, शरीराचा पहारा सैल झाला की तो त्याच नसेतून बाहेर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून पट्टा पोटाच्या मधोमध येऊन थांबतो.

भीती बाळगायची तर ती नंतरच्या दुखण्याची. फोड गेल्यावरही काहींची ती जागा महिनोन्‌महिने जळत राहते. सदऱ्याचं कापड लागलेलं सहन होत नाही, झोप लागत नाही. साठीपुढच्यांत हे जास्त. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या तर आजाराचा जोर कमी होतो, पण ते तीन दिवस काव लावण्यात जातात. डोळ्याच्या आसपास उठली तर तासाचाही उशीर नको. लस आहे. शिंग्रिक्स या नावानं ती २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस, आणि चाचण्यांत तिनं नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलंय. अडचण किमतीची. एक डोस दहा हजारांच्या आगेमागे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तोही बाजारात हाती पडेल याची खात्री नव्हती. म्हणजे त्या भावानं दोन डोसांना चार क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू दोन एकरवाल्याला ही लस घ्या म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही. नोकरीतल्या पोरानं आईबापांसाठी घेतली तर उत्तम.

क्षयाच्या लसीबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. बाळाला जन्मल्यावर मिळते ती बीसीजी मोठ्यांना देऊन पाहण्याचा अभ्यास २०२४ पासून देशातल्या बऱ्याच राज्यांत निवडक जिल्ह्यांत चालू झाला. साठीपुढचे, शुगरवाले, विडी-सिगारेट ओढणारे, फार कमी वजनाचे, आधी क्षय होऊन गेलेले आणि क्षयरोग्याच्या घरातले लोक त्यात घेतले. निकालाबद्दल मी फार आशा धरून नाही, कारण तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीनं संरक्षण दिलं नव्हतं. पण अभ्यास करूनच कळणार. लसही कमी पडते, हे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागांत दिसलं. २०१६ मध्ये तिथं माकडताप शिरला, मोठ्या माणसांना लस टोचली, आणि पुढं तीच लस पुरेसं संरक्षण देत नाही म्हणून बंद झाली. आपल्याकडच्या स्क्रब टायफसवर, डेंग्यूवर कार्यक्रमात लस नाही. सापाच्या विषावर जे देतात ती लस नाहीच, तयार प्रतिपिंडं आहेत, आणि ती दर चाव्याला नव्यानं घ्यावी लागतात.

लहान मुलांच्या आणि गरोदर मातांच्या लसींची नोंद आता यू-विन या सरकारी पोर्टलवर होते. मोठ्यांची कोरोनाच्या लसीची नोंद कोविनवर आहे. बाकीची कुठंच नाही, त्यामुळे ती आपणच ठेवायची. घरातल्या शुगर-बीपीच्या फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी पुरतात : टीडीची शेवटची तारीख, काविळीचे डोस, फ्लूचा महिना, आणि कुत्रं चावलं असेल तर चारही फेऱ्यांच्या तारखा, दवाखान्याच्या शिक्क्यासह. या शेवटच्या कागदाला फार किंमत आहे. एकदा पुरा कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर जखम धुणं तसंच करावं लागतं, पण प्रतिपिंडं टोचावी लागत नाहीत आणि लसीच्या दोनच फेऱ्या होतात, त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. कागद नसेल तर डॉक्टर सगळं पहिल्यापासून सुरू करतात.